इंग्रजांची तारीख आणि दत्तारामचा शिमगा

‘निघतो, निघतो’ म्हणत दारात उभं राहून तासभर गप्पा हाणणाऱ्या पाहुण्यांचा मला लहानपणापासून राग आहे. ठाण्याला आमच्याकडे असे एक काका यायचे. पायात चपला, हातात पिशवी, एक पाय उंबऱ्याबाहेर, आणि आई बिचारी आमटीखालचा गॅस बंद करून ताटकळत उभी. ते जात नाहीत म्हणून पानं घेता येत नाहीत, आणि ‘जेवूनच जा’ म्हटलं तर ‘छे छे, निघालोच’. पुढे नोकरीत असा एक अख्खा देश माझ्या वाट्याला येईल असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

‘आखातातल्या बावीस वर्षांच्या नोकरीबद्दल लिहा’ असा दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. मी कधी लागले, बढती कधी मिळाली, निरोपसमारंभात कोण काय बोललं, यात कोणाला काय पडलंय? पण मग म्हटलं, एका वर्षाबद्दल लिहीन. रागाने लिहीन. ब्लडप्रेशरची गोळी घेऊन बसलेय. मुलाच्या घरी, दुबई मरीनात बत्तिसाव्या मजल्यावर, एसी चालू आहे, आणि तरीही ते वर्ष आठवलं की कानशिलं तापतात. नात विचारते, ‘आजी, व्हाय आर यू सो अँग्री?’ तिला म्हटलं, मोठी झालीस की वाच. तर म्हणते, ‘बट आय कान्ट रीड मराठी.’ घ्या!

माझी नोकरी अमिरातीतल्या रास अल खैमाला, टाइल्सच्या एका कारखान्यात. एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशन. लोकांना वाटतं, टाइल भट्टीतून निघते, खोक्यात जाते, जहाजात चढते, संपलं. डोंबल! टाइल आधी कागदावर चढते. किती खोकी, किती वजन, कुठे बनली, कोणी घेतली, कोणत्या कंटेनरमध्ये आहे, हे सगळं चार-पाच वेगवेगळ्या कागदांवर, आणि सगळ्या कागदांवर अगदी तेच. एका कागदावर ‘कार्टन’ आणि दुसऱ्यावर ‘बॉक्स’ लिहिलं म्हणून बंदरात माल आठवडाभर पडून राहिलेला मी पाहिलाय. मोंबासाचे एक शेठ होते, त्यांना प्रत्येक कंटेनरमध्ये दोन खोकी फुटक्या टाइल्सची हवी असायची, कारण त्यांचा मेहुणा तुकडे जोडून नक्षी करायचा. बरं, फुटका माल पाठवायचा तर कागदावर काय लिहायचं? ‘चांगल्या फुटक्या टाइल्स’? कस्टमवाले विचारणार, चांगल्या की फुटक्या? त्यावर माझे दोन दिवस गेले होते. पण माझा कागद कुठे अडकला नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही. हे मी कारखान्यात कोणालाही, विचारलं नसलं तरी, सांगायचे.

आता या धंद्यातली एकच गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. दुबईच्या जेबेल अली बंदरातून निघालेलं जहाज इंग्लंडला पोचायला साधारण चार आठवडे लागतात. म्हणजे आज मी कागदावर आणि खोक्यावर जे लिहिते, ते चार आठवड्यांनी, तिकडच्या कायद्याने बरोबर असावं लागतं. आपण आज पत्र टाकतो आणि ते पोचेपर्यंत घरचा पत्ता बदलणार आहे, असं असेल तर काय कराल? बस्स. हेच.

इंग्लंडला आमचा माल घेणारा कॉलिन नावाचा माणूस होता. यॉर्कशरकडचा, साठीला आलेला, टाइल्सचं गोडाऊन चालवणारा. फोनवर आधी पावसाबद्दल बोलणार, मग माफी मागणार, मग कामाचं. आमच्या खोक्यावर युरोपचा एक ठरलेला शिक्का छापलेला असायचा. तो असला की माल युरोपात कुठेही विकायला मोकळा. इंग्लंड तेव्हा युरोपच्या गटातच, त्यामुळे शिक्का एकच. इतकी वर्षं कोणाचीच तक्रार नव्हती.

मग त्या लोकांनी मतदान करून ठरवलं, आम्ही बाहेर पडणार. पडा बापडे! तुमचा देश, तुमची हौस. दोन वर्षांची मुदत घेतली आणि तारीख ठरवली, दोन हजार एकोणीसच्या मार्चची अखेर. बाहेर पडल्यावर आमचा स्वतःचा नवा शिक्का असेल, असंही जाहीर केलं. पण निघायचं कसं, कोणत्या अटींवर, ते काही ठरेना. नुसती बोलणी. आज ब्रसेल्सला, उद्या लंडनला. करार झाला म्हणायचे आणि यांचंच पार्लमेंट तो फेटाळायचं. भिजत घोंगडं नुसतं.

मी मात्र निर्धास्त होते. माझी चूक सांगते, आणि ही चूक आमच्यासारखी माणसंच करू जाणोत. भारतात राहिले असते तर मी त्या तारखेवर विश्वास ठेवला नसता. सरकारी तारखा म्हणजे काय ते आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण वीस वर्षं अमिरातीत काढली की माणूस बिघडतो. इथे सर्क्युलर आलं की पहिल्या तारखेपासून अमुक लागू, तर पहिल्या तारखेला सकाळी ते लागू असतं. कोणी हुं की चूं करत नाही. त्यात पुन्हा तारीख इंग्रजांची! आमच्या आजोबांनी इंग्रजांच्या वक्तशीरपणाचे गोडवे गात आम्हाला वाढवलेलं. तेव्हा मी जानेवारीतच हिशेब मांडला. फेब्रुवारी संपल्यावर जे जहाज निघेल ते मार्चअखेरीनंतर पोचणार. म्हणजे मार्चमधला सगळा माल नव्या शिक्क्याचा हवा. दुबईतल्या अल क्वोजच्या प्रिंटरला नव्या खोक्यांची ऑर्डर देऊन मोकळी झाले. यार्डात जो माल आधीच जुन्या खोक्यांत भरलेला होता, त्यावर नव्या शिक्क्याचे स्टिकर चिकटवायचे. जुना शिक्का झाकायचा, नवा वर.

हे चिकटवायचं काम दत्तारामच्या लाइनचं.

दत्ताराम मांडवकर आमचा पॅकिंगचा इन्चार्ज. संगमेश्वराकडचा. हाताखाली बाराजण, त्यांत बिहारी, नेपाळी, बंगाली, आणि सगळ्यांशी तो एकाच हिंदीत बोलायचा, जी हिंदी म्हणजे कोकणातली मराठीच, फक्त शेवटी ‘है’ लावलेली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मला ताई म्हणायचा. इंग्लंडचा माल कसा रचायचा हे त्याच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. त्याने लाकडी पॅलेटवर रचलेल्या खोक्यांतली टाइल फुटल्याची तक्रार कॉलिनने कधी केली नाही.

हा दत्ताराम डिसेंबरमध्ये माझ्याकडे आला. सुट्टी मंजूर करायचं काम माझं नव्हे, जनरल मॅनेजर खालिदसाहेबांचं, पण इंग्लंडच्या मालाचं वेळापत्रक माझ्या हातात, त्यामुळे दत्ताराम कधी जाऊ शकतो ते मी सांगायचं आणि साहेबांनी सही करायची, अशी पद्धत.

‘ताई, मार्चात जायाचं म्हणतोय. शिमग्याला.’

‘मार्चमध्ये? तू तर दर वेळी मे महिन्यात जातोस.’

तेव्हा त्याने सांगितलं. त्यांच्या गावात शिमग्याला ग्रामदेवीची पालखी देवळातून बाहेर पडते. ती उचलताना पुढचा उजवा खांदा मांडवकरांच्या घराचा. पिढ्यानपिढ्यांचा मान. त्याचे वडील चाळीस वर्षं तो खांदा देत होते. आता ऐंशीला आले, गुडघे गेले. गावकीने बैठकीत सांगितलं होतं की, बाबांनी या वर्षी मुलाच्या खांद्यावर पालखी द्यावी, देवळाच्या पायरीवर, सगळ्या गावासमोर. पण मुलगा हजर पाहिजे. नाहीतर मान चुलतघराकडे जाईल. कारण नुसतं परदेशातून पैसे पाठवणाऱ्याचा खांदा देवीला काय कामाचा?

‘चौदा वर्षं शिमगा बघितला नाय मी, ताई,’ दत्ताराम म्हणाला. ‘बाबा फोनवर दुसरं काय बोलतच नाय. येतोस ना, येतोस ना.’

‘जा रे बाबा,’ मी म्हणाले. ‘पक्कं समज. मी साहेबांना सांगते.’

सांगितलंही. सही झाली. तिकीट काढलं त्याने. गावाला निरोप गेला. वडिलांनी नवं धोतर आणून ठेवलं म्हणे, मुलासाठी फेटा घेतला.

आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात नवी खोकी कमी आली, यार्डातला माल वाढला, स्टिकर लावायचे कंटेनर अकरा झाले. खालिदसाहेब जॉर्डनचे. मोठ्या मनाचा माणूस, पण कामाच्या बाबतीत काळीज दगडाचं. म्हणाले, ‘मॅडम, यूके शिपमेंटमध्ये एक चूक झाली तर कॉलिन गेला. हू विल डू इट? दत्ताराम. खलास.’ मी म्हटलं, त्याची सुट्टी मंजूर आहे. म्हणाले, ‘मग तुम्ही सांगा, त्याच्याशिवाय होईल का? तुम्ही हो म्हणा, ही कॅन गो. यल्ला, टेल मी.’

मी हो म्हणाले नाही.

दत्तारामला केबिनमध्ये बोलावलं. त्याला वाटलं, कंपनीकडे ठेवलेला पासपोर्ट द्यायला बोलावलंय. हात पुसत, हसत आला. मी सांगितलं. तो खुर्चीत बसत नसे कधी माझ्यासमोर, त्या दिवशी बसला.

‘ताई, पण इंग्रज गेलेच नाय तर?’

मी हसले. अजून आठवतं, चांगली मोठ्याने हसले. ‘अरे, पार्लमेंटने दिलेली तारीख आहे ती दत्ताराम! ती काय तुमच्या गावकीची बैठक आहे, आज ठरलं आणि उद्या मोडलं?’

‘आमची गावकी तारीख नाय मोडत, ताई,’ तो म्हणाला. रागाने नाही, माहिती द्यावी तसा. मग उठून लाइनवर गेला. तिकीट रद्द करायचे दोनशे दिरहम गेले, म्हणजे जवळजवळ चार हजार रुपये. ते मी द्यायला लागले तर त्याने घेतले नाहीत.

आता त्या मार्चबद्दल काय सांगू? इकडे दत्ताराम आणि त्याची बारा माणसं सकाळी सहापासून एकेका खोक्यावर स्टिकर लावतायत. नुसता चिकटवून भागत नाही. धूळ पुसायची, स्टिकर सरळ लावायचा, हाताने दाबून बुडबुडे काढायचे, नाहीतर जहाजातल्या उष्णतेने कोपरे सुटतात. आणि तिकडे लंडनच्या पार्लमेंटात काय चाललंय? तोच करार पुन्हा ठेवला, पुन्हा पाडला. करार नको म्हणाले. बरं मग कराराशिवाय जाता का? तर तेही नको. मग राहता का? तेही नको! महिना संपता संपता तर आठ वेगवेगळे पर्याय मांडले आणि आठांच्या आठ नाकारले. अरे मेल्यांनो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा आठ भाज्यांतली एखादी माणूस वाढून घेतो! शेकडो शिकलेली माणसं, टाय लावलेली, ‘ऑर्डर, ऑर्डर’ ऐकून खाली बसणारी, आणि एकालाही हे सुचू नये की, जगात कुठेतरी कोणी आपल्या तारखेवर स्वतःचं घरदार लावून बसलंय?

कॉलिनचा तर तोल सुटला होता. पावसाबद्दल बोलणं बंद. तो जे बोलायचा ते मराठीत सांगते, शिव्या वगळून, त्यामुळे बरंच कमी होईल. ‘माझ्या गोडाऊनमधला फोर्कलिफ्टवाला बाहेर पडा म्हणून मत देऊन आला,’ तो म्हणाला. ‘माझी बायको आत राहा म्हणून. तीन वर्षं हे दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते. आता दोघं एकत्र बसून टीव्हीला शिव्या देतात. आमच्या देशात आता दोनच पक्ष उरलेत, वैतागलेले आणि झोपलेले.’ त्याने आपल्या खासदाराला पत्र लिहिलं होतं की, माझा माल समुद्रात आहे, तो कोणत्या देशात उतरणार तेवढं कळवा. उत्तर आलं, आपल्या भावनांची नोंद घेतली आहे. बिचारा ते फोनवर मला तीनदा वाचून दाखवत होता.

होळीच्या दिवशी मी मुद्दाम लाइनवर गेले. दुपारची वेळ. दत्ताराम काम करत होता. शेजारच्या पोराने सांगितलं की, गावाहून फोन आला होता, दत्तारामकाकांनी ऐकून लगेच ठेवला. मी विचारलं, ‘पालखी निघाली?’

‘निघाली,’ तो म्हणाला. ‘चुलत्याचा पोरगा हाय. चांगला धट्टाकट्टा हाय तो. त्यानं दिला खांदा.’

‘बाबा?’

‘बाबा पायरीवर बसून होते म्हणे. चुलत्यानं म्हटलं, मान तुमच्या हातानं द्या. तर दिला त्यांनी. फेटा पण त्यालाच दिला.’ एवढं बोलून त्याने पुढचं खोकं ओढलं. स्टिकर लावला. अंगठ्याने कोपरे दाबले. वाकडा लागला असता तरी मी काही बोलणार नव्हते, पण सरळच लागला.

याला दोन दिवस झाले नाहीत तोच सकाळी मोबाइल उघडते तर काय, तारीख पुढे! इंग्लंड मार्चअखेर जात नाही. एप्रिलमध्ये बघू. मग एप्रिलमध्ये पुन्हा बघितलं आणि थेट ऑक्टोबरअखेर. सहा महिने! पहिल्यांदा तारीख सरकली त्या दिवशी मी डब्यातली पोळी तशीच परत नेली. जे कंटेनर निघून गेले होते, ते अशा देशात पोचणार होते जो अजून युरोपातच होता, आणि त्यांच्यावरचा नवा शिक्का म्हणजे शून्य. कायद्याने त्याला अर्थच नाही. कॉलिन आपल्या माणसांकडून तिकडे एकेक खोकं पुन्हा करून घेणार होता. आणि जे यार्डात उरले होते, ते आमच्या वाट्याला.

मी लाइनवर गेले.

‘दत्ताराम, तारीख सरकली.’

‘म्हणजे इंग्रज गेले नाय?’

‘नाही.’

‘मंग हे?’ त्याने भरलेल्या पॅलेटवर हात ठेवला.

‘त्यावर आता जुन्या शिक्क्याचा स्टिकर लावायचा.’

‘नव्याच्या वर जुना?’

‘नव्याच्या वर जुना.’

दत्ताराम हसायला लागला. बाकीच्यांनाही सांगितलं त्याने हिंदीत, आणि ती बारा माणसंही हसली. त्यांनी चिडून खोकं फेकलं असतं ना, तर मला बरं वाटलं असतं. त्या हसण्याचा राग मला आजही येतो, त्यांचा नाही, त्यांना हसावं लागलं याचा. बोंब मारायचा सण होता, आणि बोंब मारायला तिकडे एकही माणूस सापडेना ज्याच्या नावाने ती मारावी. पंतप्रधान म्हणे पार्लमेंट ऐकत नाही, पार्लमेंट म्हणे युरोप ऐकत नाही, युरोप म्हणे तुम्हीच ठरवा तुम्हाला काय हवंय. टोलवाटोलवी सगळी.

मे महिन्यात दत्ताराम गावाला जाऊन आला. माझ्यासाठी आमसुलं आणि फणसपोळी घेऊन आला. मी भीतभीतच विचारलं, वडील काय म्हणाले.

‘शिमग्याचं कायच नाय बोलले,’ दत्ताराम म्हणाला. ‘एकदाच विचारलं, गेले का रे ते इंग्रज? मी म्हटलं, नाय अजून. तर म्हणाले, मंग तू कशाला थांबलास?’

मी फणसपोळी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि इंग्रजांना यथेच्छ शिव्या घातल्या. दत्तारामनेही घातल्या. दोघांना बरं वाटलं.

ऑक्टोबर आला. तोच खेळ पुन्हा. नवा पंतप्रधान आला होता, तो म्हणे काहीही झालं तरी या तारखेला निघणारच. खालिदसाहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, ‘मॅडम, स्टिकर?’ मी म्हटलं, ‘नाही. एकही नाही. ते निघाल्याचं मी डोळ्यांनी बघेन, मग चिकटवेन.’ साहेब म्हणाले, ‘अँड इफ दे गो?’ मी म्हटलं, ‘दे विल नॉट गो, साहेब. इन्शाल्ला.’ सगळी मीटिंग हसली. आणि खरंच, तारीख पुन्हा सरकली. पुढच्या वर्षी जानेवारीअखेर ते निघाले एकदाचे, पण कागदावर. नियम सगळे वर्षभर तेच. त्या दिवशी कॉलिनने फोन करून पुन्हा पावसाबद्दल बोलायला सुरुवात केली. मला सगळ्यांनी शाबासकी दिली. मॅडमनी बरोबर ओळखलं म्हणाले.

ती शाबासकी माझ्या घशाखाली उतरली नाही. ऑक्टोबरमध्ये जे मी एका वाक्यात केलं, ते मार्चमध्ये का केलं नाही? इथवर मी इंग्रजांवर आगपाखड केली आहे, आणि त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण आता जे लिहायचं मी इतकी पानं टाळत होते, ते लिहिते.

जानेवारीत, खोक्यांची ऑर्डर द्यायच्या आधी, कॉलिनने तिकडच्या सरकारची एक सूचना मला पाठवली होती. पाच-सहा पानांची. तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं की, बाहेर पडल्यानंतरही काही काळ जुना शिक्का चालेल. म्हणजे इंग्लंड मार्चअखेर गेलं असतं काय आणि नसतं काय, आमची जुनी खोकी बिनबोभाट उतरली असती. एकाही स्टिकरची गरज नव्हती. मी ते वाचलं होतं. त्या ओळीवर पिवळी खूण केली होती मीच.

मग का केलं? कारण ‘काही काळ’ म्हणजे किती, ते त्यात नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. आखातातून नव्या शिक्क्याचा पहिला माल आमचा जावा, अशी मला हौस आली होती. खालिदसाहेबांना मी मेल पाठवला होता की, बाकीचे कारखाने गोंधळलेत, आपण तयार आहोत. साहेबांनी तो मेल मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला होता. माझा कागद कधी अडकला नाही ना, मग या वेळीही सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा नीट! साहेबांनी जेव्हा विचारलं की, दत्तारामशिवाय होईल का, तेव्हा ‘साहेब, हे स्टिकर लावले नाहीत तरी चालेल’ असं एक वाक्य बोलायचं होतं मला. बोलले असते तर मेलमधली ऐट गेली असती. म्हणून बोलले नाही.

दत्तारामचे वडील त्याच वर्षी मार्गशीर्षात गेले. पुढचा शिमगा त्यांना दिसला नाही. दत्ताराम तिसऱ्या दिवशी पोचला. मान चुलतघराकडेच राहिला, गावकी एकदा दिलेलं परत घेत नाही. तीन वर्षांपूर्वी दत्ताराम नोकरी सोडून कायमचा गावी गेला. आता पालखी निघते तेव्हा तो गर्दीत असतो, ढोलाच्या बाजूला.

यंदा गणपतीत त्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग म्हणाला, ‘ताई, त्या इंग्रजांचा नवा शिक्का झाला का वो चालू?’

मी सांगितलं की, नवा आहे, पण जुनाही चालतो. आजही. मुदत वाढवत वाढवत शेवटी त्यांनी नादच सोडून दिला.

तो म्हणाला, ‘बघा, काय माणसं! आपला शिमगा घालवला मेल्यांनी. तुम्ही तरी काय करणार होता, ताई? तुमच्या हातात काय होतं?’

मी म्हणाले, ‘हो ना.’

दत्ताराम, हा अंक मी तुला पोस्टाने पाठवते आहे. इंग्रजांनी घोळ घातला हे खरंच आहे, त्यांना मी सोडणार नाही. पण त्या मार्चमध्ये तुला थांबवायची काहीएक गरज नव्हती, आणि तू माझ्या केबिनमध्ये हात पुसत, हसत आलास, तेव्हा मला ते माहीत होतं.